ओढणारा कुत्रा आणि कडीची जागा

ओढणाऱ्या कुत्र्यासाठी काही घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘जात कोणती?’ लॅब्रॅडॉर म्हटलं की एक पट्टा पुढे सरकवला जातो, रॉटवायलर म्हटलं की त्याहून जाड. माझ्या मते पहिला प्रश्न ‘दोरी कोण धरणार?’ हा असायला हवा. आपल्याकडे मोठा कुत्रा हौसेनं आणणारा एक असतो आणि त्याला रोज सकाळ-संध्याकाळ खाली नेणारे दुसरेच असतात. कधी घरातल्या आजी, कधी नववीतली मुलगी, कधी कामाच्या मावशी, नाहीतर महिन्याच्या पगारावर चार-पाच घरचे कुत्रे फिरवणारा मुलगा. पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर ३० ते ३५ किलोंचा, रॉटवायलरचा नर ५० किलोंच्या आसपासचा. चार पायांवर भक्कम उभं असलेलं हे वजन समोर मांजर दिसल्यावर झेप घेतं, तेव्हा दोन पायांवर उभा असलेला ५५ किलोंचा माणूस ते नुसत्या ताकदीनं थोपवू शकत नाही.

हा केवळ गैरसोयीचा मामला नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ ते २०२० या वीस वर्षांतल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. दोरीला बांधलेला कुत्रा फिरवताना जखमी होऊन तातडीच्या विभागात आलेल्या प्रौढांची संख्या त्यांच्या अंदाजानुसार ४ लाख २२ हजारांहून अधिक भरली. सर्वांत जास्त आढळलेल्या तीन दुखापती म्हणजे बोटाचं हाड मोडणं, डोक्याला मार लागून मेंदूला इजा होणं आणि खांदा लचकणं. जखमींमध्ये बायकांचं प्रमाण मोठं होतं आणि पासष्टीपुढच्या माणसांना पडण्याचा धोका तरुणांपेक्षा बराच अधिक होता. तेव्हा साधन निवडताना कुत्र्याच्या मानेइतकाच धरणाऱ्याच्या मनगटाचा आणि गुडघ्यांचाही विचार करायचा आहे.

कुत्रा ओढतो यात हट्ट किंवा वर्चस्व शोधायला जाऊ नये. आपण ताशी चार-पाच किलोमीटरनं चालतो. मोठ्या कुत्र्याला ही चाल रेंगाळण्यासारखी वाटते, त्याचे पाय दुडक्या चालीला उत्सुक असतात. त्यात रस्ता वासांनी भरलेला. आपल्या गल्ल्यांत आणखी एक भर असते, ती म्हणजे प्रत्येक वळणावर आपापली हद्द राखून बसलेले भटके कुत्रे. घरच्या कुत्र्याला त्यांच्याकडे धावायचं तरी असतं किंवा त्यांच्यापासून पळायचं तरी. मग ओढल्याचं फळही लगेच मिळतं. तो ओढतो, आपण नकळत दोन पावलं पुढे जातो, तो विजेच्या खांबापाशी पोचतो. बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की कधी मिळणारं, कधी न मिळणारं बक्षीस सवय अधिक चिवट करतं. घरातले तिघे ओढू देत नाहीत आणि चौथा घाईत असल्यामुळे ओढू देतो, तेव्हा कुत्र्याच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. शिवाय अंगावर एका बाजूनं दाब आला की तोल सांभाळण्यासाठी प्राणी बहुधा उलट बाजूला जोर लावतो. म्हणजे आपण दोरी ताणून धरली की ओढ वाढायला आपणच कारण होतो.

हे समजलं की दुकानातल्या पट्ट्यांच्या रांगेकडे वेगळ्या नजरेनं पाहता येतं. कोणतंही साधन ओढणं शिकवून थांबवत नाही. ते फक्त ठरवतं की ओढल्यावर निर्माण झालेलं बळ कुत्र्याच्या अंगात कुठे जाईल. आणि ते ठरतं दोरीची कडी कुठे आहे यावर.

आधी पाठीवरची कडी पाहू. अलास्कातली इडिटरॉड ही स्लेजची शर्यत १९७३ पासून भरते. अँकरेज ते नोम हे जवळजवळ १,६०० किलोमीटरचं अंतर कुत्रे बर्फावरून घसरगाडी ओढत पार करतात. त्यांचा हार्नेस छातीला रुंद गादीसारखा बसतो, पाठीवर पट्टे एकमेकांना छेदून जातात आणि दोर शेपटीच्या मुळाशी जोडलेला असतो. गळा पूर्ण मोकळा राहतो आणि सगळा जोर छाती-खांद्यांवर पसरतो. ओढणं सुखाचं व्हावं म्हणूनच तो बनवलेला असतो. आपल्या दुकानांत ‘बॉडी बेल्ट’ किंवा ‘चेस्ट बेल्ट’ म्हणून मिळणारा, पाठीवर कडी असलेला पट्टा याच घराण्यातला. ‘कुत्रा फार ओढतो, मग बॉडी बेल्टच घ्या’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो अर्धाच बरोबर आहे. गळ्यावरचा ताण जातो, पण कुत्र्याला पूर्ण ताकद लावायची सोय होते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निवाऱ्यातल्या कुत्र्यांना खाऊ आणि खेळण्याचं आमिष दाखवून दोरीवरचा ताण मोजला होता. गळपट्ट्यापेक्षा हार्नेसमध्ये कुत्रे जास्त जोरानं आणि अधिक सलग ओढत होते. पाठीवरची कडी लहान कुत्र्याला, म्हाताऱ्या कुत्र्याला किंवा आधीच सैल दोरीवर चालणाऱ्याला उत्तम. ओढणाऱ्या जर्मन शेफर्डला नाही.

मग गळपट्टाच बरा का? मानेत काय काय आहे ते आठवावं. श्वासनलिका, स्वरयंत्र, थायरॉइड ग्रंथी, डोक्याकडून रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरा आणि मणक्यांचा लवचीक भाग. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कुत्र्यांना गळपट्ट्यानं ओढायला लावल्यावर डोळ्यांच्या आतला दाब लक्षणीय वाढलेला आढळला. हार्नेसमध्ये तसं झालं नाही. काचबिंदू असलेल्या किंवा पातळ पारपटल असलेल्या कुत्र्यासाठी ही बाब गंभीर आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठात २०२० मध्ये मानेच्या कृत्रिम प्रतिकृतीवर वेगवेगळे पट्टे चढवून ते ओढून पाहिले, झटके देऊन पाहिले. रुंद आणि आतून मऊ असलेले पट्टेही त्यात होते. ओढ लागल्यावर इजेचा धोका राहणार नाही इतका कमी दाब एकाही पट्ट्यानं दिला नाही. गळपट्टा घालूच नये, असा याचा अर्थ नाही. नावाचा आणि फोन नंबरचा बिल्ला लटकवायला, रेबीजच्या लसीची खूण बाळगायला तो हवाच. मात्र ओढणाऱ्या कुत्र्याची दोरी त्यात अडकवू नये.

साखळीच्या फासाबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण आजही तगड्या कुत्र्याच्या मालकाला सर्वांत आधी तोच दाखवला जातो. ओढलं की आवळणारी चोक चेन आणि आतल्या बाजूला बोथट दाते असलेली प्राँग कॉलर या दोन्हींमागे एक जुनी शिस्त आहे. जर्मनीत पोलिसांचे कुत्रे तयार करणाऱ्या कोनराड मोस्ट यांचं १९१० चं पुस्तक आणि अमेरिकेत विल्यम कोहलर यांचं १९६२ चं पुस्तक, यांनी झटका देऊन सुधारण्याची पद्धत जगभर नेली. आपल्याकडची बरीचशी शिकवण पोलिसी आणि लष्करी वळणाची असल्यामुळे तीच पद्धत सोसायटीच्या पार्किंगपर्यंत आली. ती कधीकधी ‘चालते’ हे खरं. दुखलं की कुत्रा थांबतो. पण तो काय शिकतो ते पाहायला हवं. समोरून दुसरा कुत्रा येतो, त्याच क्षणी गळा आवळला जातो. असं रोज झालं की दुसरा कुत्रा दिसणं म्हणजेच दुखणं, एवढं त्याच्या मनात पक्कं बसतं. काही महिन्यांनी तोच कुत्रा इतर कुत्र्यांवर गुरगुरायला लागला की आपण त्याला रागीट ठरवतो. जर्मन शेफर्डला चोक चेननं शिक्षा दिल्यानंतर मेंदूला गंभीर इजा झाल्याची नोंद २०१३ मध्ये पशुवैद्यकीय नियतकालिकात झाली आहे. वेल्समध्ये विजेचा धक्का देणाऱ्या कॉलरवर २०१० पासून बंदी आहे. जर्मनीनं २०२२ पासून प्रशिक्षणात दात्यांचा पट्टा वापरायला मनाई केली. अमेरिकेतल्या पशुवर्तन जाणणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं २०२१ मध्ये बक्षिसावर आधारलेलीच पद्धत वापरावी अशी स्पष्ट भूमिका घेतली. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही गैरवाजवी आखूड किंवा जड साखळीनं जनावराला फार वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा धरलेला आहे. घरात चोक चेन असेल तर ती दुसऱ्या कोणाला देऊही नये, भंगारात घालावी.

आता कामाच्या गोष्टीकडे. माझी पहिली पसंती छातीवर, म्हणजे पुढच्या दोन पायांच्या मधल्या हाडावर कडी असलेल्या हार्नेसला आहे. कुत्रा पुढे झेपावला की दोरी मागून आणि बाजूनं ताणली जाते. कडी छातीवर असल्यामुळे ते बळ त्याला मागे खेचत नाही, वळवतं. त्याचं तोंड आपल्याकडे फिरतं आणि मागच्या पायांनी रेटा द्यायला सरळ रेषाच उरत नाही. दुखत काही नाही. फक्त ओढून पुढे जाता येत नाही. बहुतेक कुत्र्यांमध्ये पहिल्याच दिवशी फरक दिसतो. त्या फरकानं हुरळून जाऊन शिकवणं सोडलं, तर काही आठवड्यांत हुशार कुत्रा तिरकं चालत ओढायची युक्ती शोधून काढतो, हेही तितकंच खरं.

हार्नेस विकत घेताना नाव पाहण्यापेक्षा शिवण पाहावी. काही हार्नेसमध्ये पुढचा पट्टा दोन्ही खांद्यांवरून आडवा जातो, काहींत तो मानेच्या पायथ्यापासून छातीच्या हाडावर येऊन पोटाकडे वळतो. दुसऱ्या आकारात खांदा मोकळा राहतो असं सगळेच धरून चालतात आणि मीही तोच आकार निवडेन. तरी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोजणीत दोन्ही प्रकारांनी खांद्याची हालचाल काही अंशी कमी केली, आणि खांदा मोकळा ठेवणाऱ्या प्रकारानं उलट अधिक. अभ्यास लहान होता, पण त्यातून घेण्यासारखं एवढं आहे की खोक्यावरच्या चित्रावर विसंबू नये. हार्नेस चढवावा, कुत्र्याला वीस पावलं दुडक्या चालीनं चालवावं आणि बाजूनं पाहावं. पाऊल आखूड पडत असेल, तो पुढचा पाय फेकून टाकत असेल, तर तो आकार त्याच्यासाठी नाही. मापासाठी पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजावा. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत, चार नकोत. काखेत पट्टा घुसत असेल तर आपल्या उन्हाळ्यात चार दिवसांत कातडी सोलते, म्हणून पोटावरचा पट्टा पायाच्या मागे काही बोटं सोडून बसला पाहिजे. ‘नो-पुल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही हार्नेसमध्ये काखेखालून बारीक दोऱ्या जातात आणि ओढलं की त्या आवळतात. तो चोक चेनचाच विचार जागा बदलून आलेला आहे, तो नकोच.

तगड्या कुत्र्यासाठी दोन टोकांना हुक असलेली दोरी घ्यावी. एक हुक छातीवरच्या कडीत, दुसरा पाठीवरच्या कडीत. वळवायला पुढची, थोपवायला मागची. पाठीवर कडी नसेल तर दुसरा हुक गळपट्ट्यात सैल ठेवावा, म्हणजे हार्नेसचं बक्कल निसटलं तरी कुत्रा रस्त्यावर मोकळा सुटत नाही. दिवाळीच्या दिवसांत फटाक्याला घाबरून हार्नेसमधून उलटं निसटलेले कुत्रे दरवर्षी हरवतात. त्या पंधरवड्यात दुसरा हुक गळपट्ट्यात अडकवायला चुकू नये.

जिथे माणूस आणि कुत्रा यांच्या वजनात फारच तफावत आहे, तिथे हेड हॉल्टरचा विचार करावा. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये रॉजर मगफर्ड यांनी ‘हाल्टी’ आणि अमेरिकेत पशुवैद्यक रॉबर्ट अँडरसन यांनी रूथ फॉस्टर यांच्यासह ‘जेंटल लीडर’ आणलं. तत्त्व आपल्या गोठ्यातलंच आहे: बैलाला किंवा घोड्याला म्होरकी घातली की दहा वर्षांचं पोर त्याला पाण्यावर नेतं, कारण तोंड वळलं की मागचं धूड आपसूक वळतं. एक पट्टा कानांमागून, दुसरा नाकाच्या वर, आणि दोरी हनुवटीखाली. कुत्र्याला यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, खाता येतं, भुंकताही येतं. तरीही रस्त्यावरचे लोक त्याला मुसकं समजतात आणि ‘चावतो का?’ म्हणून विचारतात, त्याची तयारी ठेवावी.

हेड हॉल्टरची अडचण वेगळी आहे. नाकावर काही असणं कुत्र्याला आवडत नाही. १९९८ च्या एका अभ्यासात हेड हॉल्टर आणि साधा पट्टा यांची तुलना करताना रक्तदाब, हृदयाचे ठोके, तणावाची संप्रेरकं अशी मोजमापं घेतली. शरीराच्या पातळीवर दोन्हींत विशेष फरक आढळला नाही, पण हॉल्टर घातलेले कुत्रे नाकाकडे पंजे नेत होते. म्हणून घातला आणि खाली नेला, असं करू नये. पहिले दोन दिवस नुसता दाखवायचा आणि खाऊ द्यायचा. मग पट्ट्याच्या फटीतून खाऊ धरायचा, त्यानं स्वतःहून नाक आत घालायला हवं. नंतर क्षणभर बक्कल लावायचं, काढायचं. घरात घालून जेवू द्यायचं. आठवड्या-दोन आठवड्यांनी बाहेर. दोरीला झटका कधीही द्यायचा नाही आणि लांब दोरीला हॉल्टर कधीही लावायचा नाही, कारण वेगानं धावणाऱ्या कुत्र्याचं डोकं एकदम मागे फिरलं तर मान दुखावते. पग, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या तोंडांना तो नीट बसत नाही.

आपल्या मातीतल्या शिकारी कुत्र्यांसाठी वेगळी सूचना हवी. लातूर-सोलापूरकडचा कारवान आणि सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ यांचं डोकं अरुंद आणि मान लांब व स्नायूंनी भरलेली. साधा पट्टा मागे सरकून कानांवरून निघून जातो आणि ससा दिसलेला कारवान मोकळा सुटला की हाकेला परत येत नाही. यांच्यासाठी मार्टिंगेल हा मर्यादित आवळणारा रुंद पट्टा योग्य. तो निसटण्यापुरता घट्ट होतो, पुढे आवळत नाही. पण ते निसटू नये म्हणूनचं साधन आहे, ओढ थांबवायचं नव्हे. यांची छाती खोल आणि पोट आत गेलेलं असतं, म्हणून हार्नेस घ्यायचा झाला तर पोटावर आणखी एक पट्टा असलेला घ्यावा.

दोरी पाच-सहा फुटांची, तळहाताला न कापणारी, नायलॉनपेक्षा मऊ विणीची किंवा चामड्याची. मोठ्या कुत्र्याला साखळीच हवी हा समज सोडावा, ओढल्यावर ती हाताची कातडी काढते. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी जर्मनीतल्या मानफ्रेड बोगडान यांनी १९७३ मध्ये बाजारात आणली आणि ती हलक्या, सरावलेल्या कुत्र्याला मैदानावर ठीक आहे. ओढणाऱ्याला मात्र ती सतत थोडा ताण देत राहते आणि ओढलं की आणखी लांबी मिळते, म्हणजे जे शिकवायचं त्याच्या नेमकं उलट. हाताचा फास दंडापर्यंत चढवू नये, बोटांना वेढे देऊ नयेत. रहदारीच्या रस्त्यावर दोरी कमरेला बांधणं तर धोक्याचंच. पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते आणि भिजलेलं नायलॉन केसांखालची कातडी ओली ठेवतं, म्हणून हार्नेस दोन असावेत, एक वाळत आणि एक वापरात.

साधन मिळालं की शिकवायचं काम सुरू होतं, आणि त्याला पुस्तकभर लिहिण्यासारखं काही नाही. दोरी ताणली की थांबायचं. सैल झाली की चालायचं. कुत्रा स्वतःहून आपल्या पायाशी आला की तिथेच, मांडीला लागून, उकडलेल्या चिकनची फोड किंवा पोळीचा तुकडा द्यायचा. सुरुवातीला शंभर मीटर जायला पंधरा मिनिटं लागतात. अवघड काम आहे ते घरातल्या सगळ्यांना एकच नियम पाळायला लावणं. ज्याला सकाळी वेळ नाही त्यानं त्या दिवशी कुत्र्याला जिन्यातून मैदानापर्यंत पाठीवरच्या कडीनं न्यावं आणि शिकवायचा प्रयत्नच करू नये. पुढची कडी लागली की शिस्त, मागची लागली की मोकळीक, हा फरक कुत्र्याला फार लवकर कळतो, शब्दांपेक्षाही लवकर.

ही मोकळीकही त्याला मिळाली पाहिजे. ओढणं ही त्याची आवड आहे आणि ती आठवड्यातून दोन-तीनदा हक्कानं पुरवावी. पुण्यात असाल तर वेताळ टेकडीच्या चढावर हार्नेसची मागची कडी लावून, पाच मीटरच्या दोरीवर त्याला पुढे जाऊ द्यावं, चढ त्याच्या जोरानं तुम्हीही सोपा चढाल. दोरी सोडायची नाही, तिथे मोर आहेत. वर पोचल्यावर पाणी पाजावं आणि उतरायच्या आधी लांब दोरी काढून आखूड दोरी छातीवरच्या कडीत अडकवावी. सुट्या मुरुमाच्या उतारावर पाठीवरच्या कडीनं ओढणाऱ्या कुत्र्याच्या मागे माणसाचा पाय टिकत नाही.